इन्फ्लुएन्सरकडून फसगत झाली तर तक्रार कशी करायची: पुराव्यापासून ग्राहक आयोगापर्यंत

इन्फ्लुएन्सरच्या शब्दावर विसंबून घेतलेली वस्तू खराब निघाली की बहुतेक जण आधी पोस्टखाली चिडून कमेंट टाकतात. तासाभरात कमेंट उडते, आपण ब्लॉक होतो आणि दुसऱ्या दिवशी मूळ रीलही दिसेनाशी होते. मग तक्रार लिहायला बसावं, तर हातात फक्त यूपीआयची पावती उरलेली असते. ही चूक इतक्या वेळा होते, की पुढे जे काही सांगणार आहे त्यातली निम्मी मेहनत या एका चुकीपायी वाया जाते.

दुसरी चूक मनातली आहे. "ती काय दुकानदार थोडीच आहे? तिने आपलं सांगितलं, आपण घेतलं." कायदा असं मानत नाही. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम एखाद्याने वैयक्तिक पातळीवर केलेल्या व्यवहाराला लागू नाहीत, पण ही सूट नियमित आणि पद्धतशीर धंदा करणाऱ्याला मिळत नाही. दर शुक्रवारी लाइव्ह येऊन साड्या विकणारी व्यक्ती या सुटीच्या बाहेर आहे. प्राप्तिकर खात्यानेही जुलै 2022 पासून हा हिशेब चोख ठेवला आहे. कंपनीने जाहिरातीसाठी दिलेली वस्तू इन्फ्लुएन्सरने स्वतःकडे ठेवली आणि वर्षभरातल्या अशा लाभांची किंमत 20,000 रुपयांवर गेली, तर त्यावर 10 टक्के टीडीएस भरावा लागतो. म्हणजे "मला गिफ्ट आलं" असं कॅमेऱ्यासमोर म्हटलं जातं, ते कागदावर धंद्यातलं उत्पन्न असतं. तक्रार लिहिताना ही नजर ठेवा. समोर व्यावसायिक आहे आणि आपण ग्राहक आहोत.

पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. क्रम चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही.

पायरी 1: एक शब्दही न बोलता पुरावा गोळा करा

समजा, एका इन्फ्लुएन्सरने "सात दिवसांत डाग गायब, मी स्वतः वापरते" असं सांगून 1,499 रुपयांचं फेस सीरम विकलं. बायोमध्ये लिंक, व्हिडिओत डिस्काउंट कोड. सीरम लावल्यावर चेहऱ्यावर पुरळ आलं. आता हे करा.

नुसता स्क्रीनशॉट घेऊ नका, स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या. रेकॉर्डिंग फोनच्या होम स्क्रीनपासून सुरू करा, म्हणजे तारीख आणि वेळ दिसेल. ॲप उघडा, प्रोफाइलवर जा, नाव आणि फॉलोअर्सचा आकडा दिसू द्या, मग ती रील आवाजासकट पूर्ण चालवा. कॅप्शनमधलं "मोअर" दाबून सगळा मजकूर उघडा. जाहिरातीचा उल्लेख बरेचदा तिथेच हॅशटॅगच्या गर्दीत दडवलेला असतो, किंवा मुळात नसतोच. दोन्ही गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. कमेंट्सही खाली सरकवत रेकॉर्ड करा. "मलाही पुरळ आलं" असं लिहिणारे आणखी चार जण असतील तर ते आज दिसतात, उद्या दिसतीलच असं नाही.

स्टोरी 24 तासांत जाते, तेव्हा तिचं रेकॉर्डिंग सगळ्यात आधी. त्यानंतर पोस्टची लिंक कॉपी करून स्वतःलाच ईमेल करा. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन टिंबांत "अबाउट धिस अकाउंट" असतं. अकाउंट कधी सुरू झालं आणि नाव किती वेळा बदललं, ते बरेचदा तिथे कळतं. नाव बदलून पुन्हा पुन्हा धंदा करणारे इथे सापडतात.

त्यासोबत हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा: ऑर्डरचा मेसेज, यूपीआय पावती, कुरिअरचा मेसेज, पार्सलवरचा पत्ता, बिल (मिळालं असेल तर), बाटलीच्या सर्व बाजूंचे फोटो, पुरळाचे तारखेसह फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी. उरलेलं सीरम फेकू नका. तपासणी करायची वेळ आली तर तेच लागेल.

मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून फिरवून जतन करू नका. फाइल दाबली जाते आणि तिची मूळ माहिती पुसली जाते. ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर जशीच्या तशी ठेवा. रेकॉर्डिंग ज्या फोनवर केलं तो फोन प्रकरण संपेपर्यंत विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात हे रेकॉर्डिंग कोणत्या उपकरणावर झालं ते लिहायचं असतं.

थांबा आणि तपासा: ती रील आज उडाली, तर अनोळखी माणसाला फक्त तुमच्या फोल्डरवरून काय विकलं, कोणी विकलं, काय सांगून विकलं आणि तुम्ही किती पैसे दिले हे कळेल का? कळत नसेल तर दुसऱ्या पायरीवर जाऊ नका.

पायरी 2: समोरची व्यक्ती नेमकी कोण आहे ते ठरवा

"इन्फ्लुएन्सरने फसवलं" असं एकच वाक्य सगळीकडे पाठवलं की तक्रार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते. भूमिका वेगळी, तशी जबाबदारीही वेगळी.

पैसे थेट इन्फ्लुएन्सरच्या खात्यात किंवा तिच्या ब्रँडच्या खात्यात गेले असतील तर ती विक्रेता आहे. उत्पादन तिच्याच नावाने बनलं असेल तर उत्पादकाची जबाबदारीही तिच्यावर येते. तुमच्या दृष्टीने हे सगळ्यात सोपं प्रकरण.

पैसे दुसऱ्या कंपनीला गेले आणि इन्फ्लुएन्सरने फक्त भलामण केली असेल तर ती जाहिरातदार, कायद्याच्या भाषेत पुष्टी करणारी. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 21 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी तिला 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यावर बंदीही येऊ शकते. पण हा दंड सरकारजमा होतो. तुमचे 1,499 रुपये मात्र ज्याला दिले त्याच्याकडूनच मागायचे.

ॲफिलिएट लिंक किंवा वैयक्तिक कोड असेल तर प्रत्येक विक्रीमागे कमिशन असतं. अशी व्यक्तीही जाहिरातदारच, फक्त तिचा आर्थिक संबंध सिद्ध करणं सोपं.

सल्ला किंवा कोर्स विकणारे हा चौथा प्रकार. शेअर बाजाराच्या टिप्स, वजन कमी करण्याचा प्लॅन, "महिन्याला लाख कमवा" छाप कोर्स. इथे सेवा विकली जाते आणि विषयानुसार वेगळी नियामक संस्थाही मध्ये येते.

एकाच व्यक्तीच्या दोन भूमिकाही असतात. तसं असेल तर दोन्ही लिहा.

पायरी 3: ही जाहिरात होती हे दाखवा

भूमिका विक्रेत्याची असेल तर ही पायरी सोडून थेट चौथीवर जा.

ग्राहक व्यवहार खात्याने 20 जानेवारी 2023 ला इन्फ्लुएन्सरांसाठी सूचना काढल्या. ब्रँडशी कोणताही हितसंबंध असेल तर तो स्पष्ट सांगायचा. यात फक्त पैसे येत नाहीत. फुकट वस्तू, सवलत, सहल, हॉटेलचा मुक्काम, स्पर्धेतलं बक्षीस आणि घरचं किंवा नोकरीचं नातंही त्यात धरलं आहे. "जाहिरात", "प्रायोजित", "पेड प्रमोशन" असे साधे शब्द वापरायचे. फोटो असेल तर तो उल्लेख फोटोवरच दिसला पाहिजे. व्हिडिओ असेल तर दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे. लाइव्ह असेल तर पूर्ण वेळ पडद्यावर राहिला पाहिजे. हॅशटॅगच्या रांगेत टाकलेला उल्लेख चालत नाही.

तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये पाहा: वैयक्तिक कोड आहे का? ब्रँडच्या अकाउंटवर तोच व्हिडिओ आहे का? एकाच आठवड्यात आणखी पाच जणांनी तीच वाक्यं म्हटली आहेत का? मेटाच्या (इन्स्टाग्राम-फेसबुकची कंपनी) जाहिरात लायब्ररीत ब्रँडचं नाव टाकून शोधा. इन्फ्लुएन्सरचा व्हिडिओ पैसे देऊन जाहिरात म्हणून चालवला असेल तर तो तिथे दिसतो. हे दिसलं की त्याचंही रेकॉर्डिंग घ्या.

इशारा: "पैसे घेऊन खोटं बोलली" असं तक्रारीत ठामपणे लिहू नका, तुमच्याकडे व्यवहाराचा कागद नसतो. "कोड आणि ब्रँडच्या अकाउंटवरचा तोच व्हिडिओ पाहता आर्थिक संबंध दिसतो, तो व्हिडिओत कुठेही सांगितलेला नाही" इतकंच लिहा. पैसे मिळाले की नाही हे सांगायचं काम मग समोरच्याचं.

पायरी 4: कागदावरचं नाव आणि पत्ता शोधा

तक्रारी इथे सगळ्यात जास्त अडकतात. इन्स्टाग्रामच्या हँडलवर नोटीस बजावता येत नाही. ग्राहक आयोगाला माणसाचं किंवा कंपनीचं नाव आणि टपाल पोहोचेल असा पत्ता लागतो. वकील न लावताही तो बरेचदा मिळतो.

आधी बाटली किंवा पाकीट उलटं करा. पाकीटबंद वस्तूवर उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापणं बंधनकारक आहे. हे नसेल तर तो स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची तक्रार वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र विभागाकडे जाते.

बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटी पोर्टलवर "सर्च टॅक्सपेयर"मध्ये तो टाका. कायदेशीर नाव आणि धंद्याचं मुख्य ठिकाण समोर येतं. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदणीकृत पत्ता मिळतो. ब्रँडचं नाव ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात टाकून पाहा, अर्जदाराचं नाव-पत्ता तिथे असतो. यूपीआय पावतीवर बँकेतलं खरं नाव असतं आणि कुरिअरच्या पार्सलवर "परत पाठवण्याचा पत्ता" असतो. वेबसाइट असेल तर तिच्यावर विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव असलंच पाहिजे. ते नाही, ही बाबही तक्रारीत लिहा.

इशारा: हे शोधताना कोणाचा घरचा पत्ता किंवा मोबाइल क्रमांक हाती लागला तर तो फक्त तक्रारीच्या अर्जात वापरा. तो ग्रुपवर किंवा पोस्टमध्ये टाकलात तर तुमची बाजू बरोबर असूनही तुम्हीच अडचणीत याल.

पायरी 5: लेखी मागणी पाठवा

फोनवर वाद घालू नका. "मॅडम, काहीतरी करा ना" असे वीस मेसेजही नकोत. एकच पत्र ईमेलने पाठवा, आणि पत्ता मिळाला असेल तर स्पीड पोस्टानेही. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली तरी ईमेल चुकवू नका. मजकूर साधारण असा असावा:

"दिनांक ... रोजी आपल्या ... या अकाउंटवरील व्हिडिओत (लिंक) 'सात दिवसांत डाग गायब' असा दावा करून ... हे उत्पादन विकण्यात आले. मी दिनांक ... रोजी रु. 1,499 भरले (यूपीआय क्रमांक ...). वापरानंतर चेहऱ्यावर पुरळ आले. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत आहे. पार्सलसोबत बिल नव्हते. कृपया हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत (1) पूर्ण रक्कम परत करावी, (2) 'सात दिवसांत' या दाव्याचा आधार लेखी कळवावा, (3) हे उत्पादन प्रसिद्ध करण्यापूर्वी आपण कोणती पडताळणी केली ते कळवावे. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दाद मागेन."

तिसरा मुद्दा वगळू नका. कलम 21 मध्येच जाहिरातदाराला सुटकेची वाट ठेवली आहे: दाव्यांची योग्य ती पडताळणी केली होती हे त्याने दाखवलं तर दंड लागत नाही. तुम्ही हा प्रश्न लेखी विचारलात आणि उत्तर आलं नाही, किंवा "कंपनीने सांगितलं तसं बोलले" असं आलं, तर तेच उत्तर पुढे तुमच्या बाजूने उभं राहतं.

"नो रिटर्न, नो रिफंड, अनबॉक्सिंग व्हिडिओ मस्ट" ही ओळ वाचून खूप जण इथेच माघार घेतात. घेऊ नका. याच कायद्याच्या कलम 2(47) मध्ये बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बायोमध्ये लिहिलेली अट कायद्याच्या वर जात नाही. मात्र "रंग आवडला नाही" हा दोष नव्हे, तिथे ही तरतूद तुमच्या मदतीला येणार नाही. 30 दिवसांचा आकडा लक्षात घेऊन पत्र लवकर पाठवा.

पायरी 6: योग्य दार निवडा

आधी स्वतःला विचारा: मला पैसे परत हवेत, जाहिरात बंद व्हायला हवी, की दंड व्हायला हवा? या तिन्हींची दारं वेगळी आहेत. एकापेक्षा जास्त दारं एकाच वेळी ठोठावता येतात, फक्त प्रत्येक ठिकाणी त्या दाराचीच मागणी लिहायची.

पैसे परत हवे असतील तर सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. क्रमांक 1915, मराठीतही बोलता येतं. व्हॉट्सॲप 8800001915. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीपुढे ठेवून तडजोड घडवते. मोठा ब्रँड असेल तर इथेच काम होण्याची शक्यता चांगली. एकट्या इन्फ्लुएन्सरचा घरगुती ब्रँड असेल तर कमी, पण मिळालेला तक्रार क्रमांक पुढच्या पायरीला उपयोगी पडतो.

जाहिरात बंद व्हायला हवी असेल तर ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे एएससीआय. ही जाहिरात क्षेत्राची स्वतःची नियमन संस्था आहे. तिच्या वेबसाइटवर किंवा 7710012345 या व्हॉट्सॲप क्रमांकावर ग्राहकाला फुकट तक्रार करता येते. वस्तू विकत घेतलेली असण्याची अट नाही. खटकलेली जाहिरात पुरे. इन्फ्लुएन्सरांसाठीचे तिचे नियम जून 2021 पासून लागू आहेत आणि व्हिडिओबाबत ते अगदी नेमके आहेत: 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत जाहिरातीचा उल्लेख किमान 3 सेकंद, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एकूण वेळेच्या एक तृतीयांश. घड्याळ लावून मोजा आणि तक्रारीत सेकंद लिहा. "उल्लेख अपुरा होता" यापेक्षा "45 सेकंदांच्या व्हिडिओत 2 सेकंद" हे वाक्य तपासणाऱ्याचं काम सोपं करतं.

दंड किंवा बंदी हवी असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, म्हणजे सीसीपीए. फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी, की ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 17 नुसार ही तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी देता येते. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. प्राधिकरण एकट्या ग्राहकाचं भांडण सोडवत नाही, ते अनेक ग्राहकांच्या हिताचा प्रश्न हाती घेतं. म्हणून इथे "माझे 1,499 रुपये" यावर भर नको. व्हिडिओ किती जणांनी पाहिला, किती जणांनी तोच त्रास लिहिला, जाहिरात अजून चालू आहे का, हे पुढे आणा. शक्य असेल तर पाच-सात जणांनी मिळून द्या. सर्वोच्च न्यायालयानेही 7 मे 2024 ला, इंडियन मेडिकल असोसिएशनने दाखल केलेल्या प्रकरणात, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर तितकेच जबाबदार असल्याचं म्हटलं आहे. अर्जात तो उल्लेख करा.

औषध, क्रीम, काढा, पावडर असेल तर अन्न व औषध प्रशासनालाही कळवा, महाराष्ट्रात टोल फ्री 1800 222 365. गोरं करणाऱ्या क्रीमबाबत हे टाळूच नका. सौंदर्यप्रसाधनात पाऱ्याचा नकळत आलेला अंशही 1 पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) वर चालत नाही (डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांचा नियम वेगळा), आणि पारा थेट मूत्रपिंडाला इजा करतो. दोन-तीन दिवसांत चेहरा उजळवणारं आणि लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक नसलेलं क्रीम वापरणं आजच थांबवा, डॉक्टरांना दाखवा, तक्रार नंतर. मधुमेह बरा करतो, लठ्ठपणा घालवतो, उंची वाढवतो असे दावे करून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय याबाबतच्या कायद्याने बंदी आहे. अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणीही भाग घ्यायचा नाही, असा त्याचा शब्दप्रयोग आहे. व्हिडिओ करणारी व्यक्ती त्यात आपसूक येते.

शेअर बाजाराचे सल्ले असतील तर आधी सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) वेबसाइटवर नोंदणी तपासा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनए अक्षरांनी सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा आयएनएच अक्षरांनी. नोंदणी असेल तर आधी त्या संस्थेला लेखी कळवा आणि मग वर्षाच्या आत सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. नोंदणीच नसेल तर सेबीला 1800 22 7575 वर विचारून लेखी माहिती द्या. "आम्ही फक्त शिकवतो" ही पळवाट आहे. चालू भाव दाखवून खरेदी-विक्रीचे इशारे देणं म्हणजे शिक्षण नव्हे, हे सेबीने जानेवारी 2025 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये "बाप ऑफ चार्ट" या नावाने कोर्स विकणाऱ्यांच्या प्रकरणात सेबीने सुमारे 17.2 कोटी रुपये वेगळ्या खात्यात ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला होता.

आणि वस्तू आलीच नाही, अकाउंट खोटं निघालं, पैसे घेऊन पसार झाले, तर तो वाद ग्राहकाचा उरत नाही. तो सायबर गुन्हा आहे. त्याच तासात 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. वरची पत्रं-बित्रं नंतर. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवले गेले तरच हाती लागतात.

थांबा आणि तपासा: प्रत्येक तक्रारीचा क्रमांक आणि तारीख एका कागदावर लिहिली का?

पायरी 7: जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार

मागणीपत्राची मुदत संपली, 1915 वर तडजोड झाली नाही, तर इथे या. बरेच जण "हजार-पंधराशेसाठी कोर्ट कशाला" म्हणून सोडून देतात, कारण त्यांना वाटतं वकील आणि फी लागेल. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य आहे. वकील बंधनकारक नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, इन्फ्लुएन्सर दिल्लीची असली तरी. लातूरच्या ग्राहकाला दिल्ली गाठायची गरज नाही. गोव्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हा आयोग आहेत. 50 लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याची प्रकरणं जिल्हा आयोगातच चालतात. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षं.

अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन करता येतो. मसुदा मराठीत लिहा, साध्या वाक्यांत. आधी पक्षकार, मग तारखेच्या क्रमाने घटना, मग दोष काय, मग मागणी. शेवटी पुराव्यांची यादी, शपथपत्र आणि पहिल्या पायरीत सांगितलेलं कलम 63 चं प्रमाणपत्र. व्हिडिओ पेनड्राइव्हवर द्या आणि त्यातली महत्त्वाची वाक्यं सेकंदांसह कागदावर उतरवून द्या. व्हिडिओ कोणी पाहिला नाही तरी कागद वाचला जाईल.

पक्षकारांचा क्रम नीट लावा. ज्याला पैसे दिले तो विरुद्ध पक्ष क्रमांक एक. निव्वळ जाहिरात करणारी इन्फ्लुएन्सर क्रमांक दोन. तिच्याविरुद्ध अनुचित व्यापारी प्रथेचा मुद्दा लिहा, पण रकमेची मागणी मुख्यतः विक्रेत्याकडे ठेवा. फक्त इन्फ्लुएन्सरला पक्षकार करून विक्रेत्याला वगळलंत, तर "पैसे मला मिळालेच नाहीत" या एका वाक्यावर प्रकरण लंगडं पडतं. प्लॅटफॉर्मला उगाच गुंतवू नका. त्यांचे वकील आले की तारखा वाढतात. व्यवहार त्यांच्या पेमेंट व्यवस्थेतून झाला असेल तर गोष्ट वेगळी.

मागणीही मोजूनमापून करा. वस्तूची किंमत, उपचाराचा खर्च (पावत्यांसह), त्रासाबद्दल वाजवी रक्कम आणि तक्रारीचा खर्च. 1,499 च्या सीरमसाठी दहा लाख मागितले की अर्ज गांभीर्याने घेतला जात नाही.

दाखल झाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर 15 दिवस वाढीव मिळतात. सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्ज करता येतो. आयोग मध्यस्थीही सुचवू शकतो. समोरचा गंभीर असेल तर ती स्वीकारा, लवकर मोकळे व्हाल. मसुदा जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांच्या मार्गदर्शन केंद्रात कागद घेऊन जा.

मधल्या काळात काय टाळायचं

"पैसे द्या नाहीतर व्हायरल करीन" असं कधीही लिहू नका. हे वाक्य तुमच्यावर खंडणीचा आरोप करायला वापरलं जातं. स्वतःचा अनुभव लिहायला हरकत नाही. जे घडलं ते, तारखेसह, विशेषणं न लावता. "फ्रॉड", "चोर" हे शब्द गाळा. अब्रुनुकसानीची नोटीस आली तर घाबरून पोस्ट उडवण्याआधी तिचंही रेकॉर्डिंग ठेवा आणि मग जाणत्या माणसाला दाखवा.

समोरून बरेचदा मेसेज येतो: "आधी निगेटिव्ह पोस्ट आणि तक्रार काढा, मग रिफंड करते." उलट क्रम धरा. आधी पैसे खात्यात, मग तुमची पैशांची तक्रार मागे. तडजोडीच्या कागदावर "यापुढे या उत्पादनाबद्दल कोठेही बोलणार नाही" अशी ओळ असेल तर सही करण्याआधी ती काढायला सांगा. पैशांबरोबर तुमचं तोंडही विकत घेतलं जातंय, आणि ते क्रीम अजून दुसऱ्या कोणाच्या तरी चेहऱ्यावर लागतंय.

आयोगाचा आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर गप्प बसू नका. त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 72 नुसार आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान 25,000 ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. समोरच्याला अपील करायचं असेल तर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे जावं लागतं आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ही मुदत उलटली की लगेच अर्ज टाका.

पैसे मिळाले तरी एएससीआय आणि प्राधिकरणाकडची तक्रार मागे घेऊ नका. तुमच्या रिफंडचा तिच्याशी संबंध नाही. जाहिरात अजून चालू असेल तर नवं रेकॉर्डिंग करून जुन्या तक्रार क्रमांकावर पाठवा.